विहीणबाईंचं वाघनख

आयुष्यभर मी मुलांना मांसभक्षक प्राणी शिकवले आणि स्वतः एकदाही मासळी तोंडात घातली नाही, यावरून कॉलेजात माझी भरपूर चेष्टा व्हायची. आमचं घर मूळचं देशावरचं, चातुर्मासात कांदालसूणसुद्धा बंद. त्या घरातून मी निघाले प्राणिशास्त्र शिकवायला. वाघ, कोल्हा, मुंगूस, अस्वल यांचे दात नि पंजे मला स्वयंपाकघरातल्या डब्यांसारखे पाठ. निवृत्त होऊन आता काही वर्षं झाली, तरी नेरूळच्या बाजारात भाजी घेताना एखादा टक्कल पडलेला विद्यार्थी भेटतो आणि "मॅडम, तरस मांजराकडचं, कुत्र्याकडचं नाही," असं म्हणून दाखवतो. बाकी सगळं विसरलेला असतो. मी तेवढ्यानंही भरून पावते.

हे तरसाचं मी दर वर्षी पहिल्याच तासाला सांगायचे. तरस दिसतं कुत्र्यासारखं, धावतं कुत्र्यासारखं, पण कवटीत कानाजवळचं हाड बघितलं की ते मांजर नि मुंगसाच्या पंगतीत जाऊन बसतं. अस्वल मात्र कुत्र्याच्या बाजूचं. पांडा जन्मभर बांबू चघळतो, तरी त्याचा गण मांसभक्षकांचाच. कोण काय खातो आणि कसा दिसतो यावरून नातं ठरवू नका, हाडं काय म्हणतात ते बघा, असं मी घसा फोडून सांगायचे. मग आमच्या एकुलत्या एक लेकीनं द्रोणागिरीजवळच्या एका जुन्या गावातला मुलगा पसंत केला, तेव्हा मी तिला पहिला प्रश्न काय विचारला असेल? "त्यांच्याकडे रोज मासे असतात का गं?"

असतात. रोज असतात. जावई चांगला निघाला, कंटेनर यार्डाच्या ऑफिसात कामाला. त्यांची शेती सरकारनं पूर्वीच नव्या शहरासाठी घेतली होती. त्या जागेवर आता गोदामं उभी आहेत, आणि व्याह्यांनी गावात खोल्या बांधून गोदामातल्या कामगारांना भाड्यानं दिल्यात. पैशाला कमी नव्हतं, माणसंही मोकळी. अडायचं ते फक्त माझं आणि विहीणबाईंचं. भांडण असं नव्हतं कधी. मांजराच्या पंजाबद्दल मी शिकवायचे की नख आत ठेवायला त्याला काही कष्ट पडत नाहीत, एक लवचीक बंध ते आपोआप आत ओढून धरतो. कष्ट पडतात ते नख बाहेर काढायला. आम्हा दोघींचं नेमकं उलटं होतं. नखं आत ठेवता ठेवता दोघींचाही जीव मेटाकुटीला यायचा.

लेक पहिल्या बाळंतपणाला आमच्याकडे आली. नातू झाला. बारसं सोसायटीच्या हॉलमध्ये केलं. विहीणबाई गावातल्या दहापंधरा बायका घेऊन आल्या. अंगावर सोनं, हातात बाळंतविड्याच्या पिशव्या. पाळणे तर इतके खणखणीत म्हणाल्या की आमच्याकडच्या बायका गुणगुणणंही विसरल्या. नाव ठेवून झालं, घुगऱ्या वाटून झाल्या, आणि विहीणबाईंनी कमरेच्या बटव्यातून एक डबी काढली. काळ्या गोफात ओवलेलं, सोन्याची टोपी घातलेलं, बोटाच्या पेराएवढं, पिवळट तपकिरी असं काहीतरी आकड्यासारखं वाकडं त्यांनी नातवाच्या गळ्यात बांधलं.

"वागनख हाय," त्या म्हणाल्या. "माज्या सासऱ्याच्या आज्यानं कर्नाल्याच्या डोंगरात वाग मारलेला, कोयत्यानं. त्याचा हाय. बाल चालाला लागंपरत काढाचा नाय."

सगळ्या बायकांनी हात जोडले. मी आजी म्हणून बघत होते, प्राणिशास्त्राची बाई म्हणून नाही. मला एवढंच दिसलं की टोक अणकुचीदार आहे, ते हनुवटीखाली रुतणार.

आणि रुतलंच. दुसऱ्याच आठवड्यात गळ्याशी लाल व्रण उमटला. मी लेकीला म्हटलं, काढून ठेव ते, त्या आल्या की घालू. ती नको म्हणाली. मी पुन्हा म्हटलं. ती चिडली, "आई, प्लीज, तो विषय नको. टेन्शन नको देऊस मला." विहीणबाई तर एक दिवसाआड यायच्या. डिंकाचे लाडू आणायच्या, माझ्या ओट्याचा मान राखून मासळी मात्र कधी आणली नाही. आल्या की पहिल्यांदा बाळाचा गोफ चाचपायच्या. बाळ झोपलं की भिंतीला पाठ टेकून शेजारी बसायच्या आणि मधूनमधून त्याच्या नाकाशी बोट धरायच्या. "जरा आडव्या व्हा, एवढ्या लांबून आलात," म्हटलं तरी कधी टेकल्या नाहीत. आपल्या हाती मूल सोपवायला यांचा जीव धजत नाही, असं मी समजत होते आणि मनातल्या मनात धुमसत होते.

घोळ घातला आमच्या ह्यांनी. नातवाचा फोटो, तोही जवळून काढलेला, त्यांनी मोठ्या कौतुकानं सोसायटीच्या ग्रुपवर टाकला. अंगठे आले, फुलं आली, आणि मग बी विंगमधल्या एका निवृत्त गृहस्थांचा निरोप आला: "बाळ गोड. परंतु गळ्यात खरे वाघनख दिसते. ते जवळ बाळगणे वन्यजीव कायद्याने गुन्हा आहे. माहितीस्तव."

ह्यांनी फोटो काढून टाकला. काढल्यामुळे तर ज्यांनी पाहिला नव्हता त्यांनीही विचारायला सुरुवात केली. तासाभरात सेक्रेटरींचा फोन. "मॅडम, तुमी तर झूलॉजीच्या. तुमच्याच घरात असं? आपल्या सोसायटीचं नाव नको यायला." मी फोन ठेवला आणि नातवाच्या गळ्यातल्या त्या नखाकडे पहिल्यांदा नीट पाहिलं. गृहस्थांचं चुकलेलं नव्हतं. आजोबा-पणजोबांकडून आलेलं असलं, तरी नोंद नसलेलं वाघनख घरात ठेवता येत नाही. हे मी स्वतः वर्गात सांगत आले होते.

संध्याकाळी जावई यार्डातून थेट आला, तोंड उतरलेलं. "मम्मी, ऑफिसात एकजण बोलला, जामीन पन नाय होत. आईवर केस झाली तर? ते तिच्या नावचंच समजतात गावात." मग आवाज खाली आणून म्हणाला, "जाळून बगायचं का थोडं? वास आला तर खरं ना?"

मी म्हटलं, बाबा रे, केस, नख, खूर, शिंग, सगळं एकाच द्रव्याचं. कशालाही काडी लावलीस तरी केस जळल्याचाच वास येणार. त्यानं फार तर प्लॅस्टिक नाही एवढं कळेल. खरंखोटं कळायचं तर ते आतून बघायला हवं, आणि आतला भाग सोन्याच्या टोपीत झाकलेला आहे.

"मग टोपी काढू," मी म्हटलं. "आत्ताच काढ गोफ."

लेक आणि जावई एकमेकांकडे बघायला लागले. मग जावई गॅलरीत गेला आणि लेकीनं मला सांगितलं.

विहीणबाईंचा पहिला मुलगा म्हणजे आमचा जावई नव्हे. त्याच्याआधी एक झाला होता. त्याच्याही गळ्यात हेच वाघनख होतं. त्यालाही ते टोचायचं, मानेला असाच लाल व्रण आला, म्हणून त्यांनी सासूला न विचारता ते काढून डबीत ठेवलं. त्याच आठवड्यात मुलाला ताप भरला. उरणला दवाखान्यात नेईपर्यंत आकडी आली, आणि मूल गेलं. सासू सगळ्या गावादेखत म्हणाली, तू नख काढलंस, तू पोर घालवलंस. ती सासू मरेपर्यंत तेच म्हणत राहिली. "आणि आता त्या स्वतःच तसं म्हणतात, आई," लेक म्हणाली. "बोलून नाही दाखवत. पण पुढे तुझ्या जावयाच्या वेळी म्हणे वर्षभर त्या रात्री बसून झोपायच्या."

बाळाच्या नाकाशी धरलेलं ते बोट मला आठवलं. इतके दिवस मी ते बोट माझ्या नावावर लावून घेतलं होतं.

आता पेच असा. नख खरं निघालं, तर ते सरकारजमा करायला लागणार, चौकशी होणार, आणि वर विहीणबाई नातू चालायला लागेपर्यंत काय पुढेही एक क्षण निर्धास्त राहणार नाहीत. खोटं निघालं, तर कायद्याची भानगड मिटेल, पण सासऱ्याच्या आजोबांचा वाघ मी, मासे न खाणाऱ्या विहिणीनं, एका झटक्यात मारायचा. कोयत्याशिवाय. दोन्हीकडून माझं आणि त्यांचं होतं नव्हतं ते सूत तुटणार. तरीही मी देवाला म्हटलं, खोटंच निघू दे.

दुसऱ्या दिवशी सकाळी विहीणबाई आल्या. मुलानं फोनवर सगळं घातलेलं होतं कानावर. चपला काढून सरळ पाळण्याशी गेल्या, बाळाला उचललं आणि गोफ मुठीत धरूनच बसल्या.

"कुनाला द्याचा नाय," त्या म्हणाल्या. "पोलीस आयले तरी नाय."

"खरं असेल तर द्यावं लागेल," मी म्हटलं. "पण खरं आहे का ते तर बघू."

"तुमाला खोटा वाटतो?"

"मला काहीच वाटत नाही. मला बघायचंय."

आवाज माझाही चढला होता. मी उठून आत गेले आणि माझं भिंग नि एक काडेपेटी घेऊन आले. आमच्या मजल्यावर एक मांजर आहे, कुणाचंच नाही आणि सगळ्यांचं आहे. ते आमच्या सोफ्याला नखं घासतं आणि नखाची जुनी टरफलं तिथेच टाकून जातं. जुनी सवय म्हणून मी ती काडेपेटीत जमवते, त्यावरून हे माझी चेष्टा करतात. त्यातलं एक मी विहीणबाईंच्या तळहातावर ठेवलं.

त्या हसल्या नाहीत, पण मूठ सैल झाली. "मांजरीचा हाय. आमच्या वट्यावर पन पडतात. मासली साफ कराला बसलो का येतात ना सगल्या."

"हे आतून बघा."

त्यांनी खिडकीकडे धरून पाहिलं. "पोकल हाय."

"वाघ म्हणजे थोरलं मांजरच. दोघांचं कूळ एक. बोटाचं शेवटचं हाड असतं ना, त्याच्यावर नख टोपीसारखं चढलेलं असतं. म्हणून वाघाचं नख बुडाशी भरीव नसतं. एकतर पोकळ असेल, नाहीतर आत हाड असेल. आणि ते थरावर थर वाढतं, त्यामुळे त्याच्या रेषा वळणाबरोबर वळत टोकापर्यंत जातात."

त्या बराच वेळ ते टरफल बोटात फिरवत राहिल्या. मी त्यांना समजावत होते की वर्गात शिकवत होते, मलाच कळेना. लेक दारात उभी होती, ती मला डोळ्यांनी थांब म्हणत होती.

"म्हंजे टोपी काढाला पायजे," शेवटी त्याच म्हणाल्या. "आत लाख भरलेली असंल. वाफेवर धरली का सुटंल. आमच्या सगल्या दागिन्यात लाखच तं असते." मग बाळाकडे पाहिलं, आणि त्यांचा चेहरा असा झाला की मला वाटलं, आता नको म्हणतील. त्यांनी गोफाची गाठ सोडली. बाळ माझ्या हातात दिलं.

"छातीशी धरा. मी परत बांदंपरत खाली ठेवू नका."

"नाही ठेवत," मी म्हटलं.

गॅसवर भाताचं आधण होतं. त्या वाफेत विहीणबाईंनी चिमट्यानं ते नख धरलं. खोबरेल, वाफ आणि जुन्या लाखेचा असा एक वास सुटला. मी दोन पावलांवर नातवाला धरून उभी, त्याच्या उघड्या गळ्यावरचा व्रण माझ्या हनुवटीला लागत होता. कधी नाही ती मीही त्याचा श्वास मोजायला लागले. एवढी शिकलेली बाई मी, पण विहीणबाईंची भीती माझ्या हातात आली होती, त्याला काय करणार. त्यांनी फडक्यात धरून टोपी पिळली. ती फिरली, आणि निघाली.

"बगा," त्या म्हणाल्या, आणि स्वतः मान वळवली.

मी एका हातानं भिंग धरलं. बूड भरीव होतं. हाड नाही, पोकळी नाही. मधोमध सोनारानं पाडलेलं बारीक भोक आणि त्यात काळी लाख. बाजूनं पाहिलं, तर रेषा आपल्या सरळ चाललेल्या, आणि जिथे नख वाकतं तिथे त्या कापल्या गेल्यासारख्या मध्येच संपत होत्या. सरळ वाढलेल्या कशातून तरी ते कोरून वाकडं केलेलं होतं. मला एकदम हायसं वाटलं. मी ओट्याला टेकले. मांसभक्षकांच्या गणातून ते नख उतरलं होतं, ते थेट दोन खुरांच्या, गवत खाणाऱ्यांत जाऊन पडलं होतं.

"विहीणबाई," मी म्हटलं, "हे नख नाही. शिंग आहे. बहुतेक म्हशीचं."

लेक "अगं बाई" म्हणून खालीच बसली. मी घाईघाईनं सांगायला लागले, की कायद्याची काही भीती नाही आता, तुमच्यावर कसलीच केस होणार नाही, आणि आजोबांनी वाघ मारलाच नसेल असंही नाही, नख कधीतरी बदललं गेलं असेल, सोनाराकडे, वाटणीत, कुठेही. बोलताना मला त्यांच्याकडे बघवत नव्हतं. त्यांनी गॅस बंद केला.

"ही टोपी माज्या सासऱ्याच्या आज्याची हाय," त्या म्हणाल्या. "उगडलेली नाय कवाच. माज्या सासूनं शपथेवर सांगलेला."

"मग पहिल्यापासूनच शिंग असणार."

"म्हंजे तवा पन शिंगच व्हता."

तेव्हा म्हणजे केव्हा, हे मला विचारावं लागलं नाही. "हो," मी म्हटलं. "तेव्हाही शिंगच होतं."

त्या ओट्याला धरून उभ्या राहिल्या. "मंग काढला काय, नाय काढला काय. म्हशीच्या शिंगानं माजा पोर काय वाचवला असता?"

"नाही."

"माज्या हातून काय झाला नव्हता."

"काहीच झालं नव्हतं. तापानं गेलं मूल. तुम्ही त्याला टोचत होतं ते काढलंत."

खरं वाघाचं असतं तरी त्यानं काही वाचवलं नसतं, हे मला माहीत होतं. हजारदा सांगून झालं असतं तरी त्यांना ते पटलं नसतं, हेही माहीत होतं. मी ते वाक्य गिळलं, आणि आयुष्यात पहिल्यांदा अर्धंच उत्तर पूर्ण मार्कांचं मानलं. विहीणबाई पदराचा बोळा तोंडाशी धरून रडायला लागल्या, आवाज न करता, आणि मग आवाज करून. मीही रडले. बाळ मधे होतं म्हणून आम्हाला एकमेकींना नीट धरता येईना. तरी धरलं.

नंतरचं सगळं हलकं होतं. माझा एक जुना विद्यार्थी प्राण्यांचा डॉक्टर आहे, जंगलातून आणलेल्या जखमी जनावरांवर उपचार करतो. खात्री म्हणून मी त्याला बुडाचा फोटो पाठवला. दोनच शब्दांचं उत्तर आलं: "मॅडम, म्हैस." जावयानं ऑफिसातून फोनवरच असा सुस्कारा सोडला की तो लेकीच्या हातातल्या फोनमधून मला ऐकू आला. ह्यांनी ग्रुपवर खुलासा टाकला. बी विंगच्या गृहस्थांनी "उत्तम. माहितीस्तव धन्यवाद" असं लिहिलं, आणि सेक्रेटरींनी हात जोडले.

गोफ विहीणबाईंनी पुन्हा बांधला नाही. टोपी मोडून बाळाला मनगटी करते म्हणाल्या. शिंगाचा तुकडा त्यांनी उलटसुलट करून पाहिला, "बरा झाला, त्या वागाला पन कुनी मारला नाय," म्हणाल्या आणि माझ्या काडेपेटीत मांजराच्या टरफलांशेजारी ठेवून दिला. तो तिथेच आहे.

जेवणं झाल्यावर त्यांनी नातवाच्या गळ्याला खोबरेल लावलं. मी त्याला आतल्या खोलीत माझ्या पलंगावर निजवलं आणि नेहमीसारखं म्हटलं, "जरा आडव्या व्हा." त्या झाल्या. थोड्या वेळानं मी डोकावले, तर विहीणबाई कुशीवर होत्या, तोंड किंचित उघडं, बांगड्यांचा हात स्वतःच्याच उशाखाली. बाळ उठून कुरकुरायला लागलं. मग चांगलं भोकाड पसरलं त्यानं. मी जाऊन त्याला उचललं, खांद्यावर घेतलं, खोलीत येरझाऱ्या घातल्या. त्या उठल्या नाहीत.